दोन तबकड्यांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. पण मित्रांनो, पेटी म्हटल्यावर लगेच सारेगम आठवू नका, की गल्ला समजून मला कानाशी धरून हलवू नका. माझ्या पोटात ना सूर आहे ना नाणं. माझ्या पोटात वेळ आहे. अगदी लहान, पापणी लवते ना, तेवढा वेळ. तो मोजायला मी जन्मले. खोटं कशाला बोलू, त्या काळी माझ्याइतका नेटका तो मोजणारं आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसरं कोणी नव्हतं.

मी शिकलेली नाही. कॉलेजात राहिले, पण कपाटात राहिले. म्हणून माझं बोलणं जरा खरबरीत लागेल. सुताराच्या हातची वस्तू आहे मी, रंध्याने घासली तरी कुठे कुठे कुसळ राहतंच. सोसा थोडं.

मला घडवलं चौलच्या अनंता सुताराने. त्याने आयुष्यभर पाळणे केले, देव्हारे केले, होड्यांची वल्ही केली. कॉलेजचे मानसशास्त्राचे सर त्याच्याकडे गेले आणि त्यांनी अंगणात खडूने माझं चित्र काढून दाखवलं. अनंताने विडी विझवली आणि चित्राभोवती एक फेरी मारली.

"सर, ह्याच्यात ठेवणार काय तुम्ही?"

"घाई," सर हसून म्हणाले.

"मग झाकण घट्ट बसवाय पायजे," अनंता म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने मला फणसाच्या लाकडाची केली. पिवळीधमक होते मी तेव्हा, नव्या नवरीसारखी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भागोजीने माझ्या पोटात तारा ओवल्या. पुढच्या अंगाला, अगदी कडेला, एक काळं बटण बसवलं. सरांनी त्याचं नाव ठेवलं 'घर'. समोर कमानीत तीन दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली एक पांढरं बटण. ती 'दारं'. बाजूला पीं करून वाजणारा एक भोंगा. आणि माझ्या कपाळावर दोन तबकड्या, शेजारी शेजारी, दोन डोळ्यांसारख्या.

माझं काम तसं सोपं. तुम्ही बोट 'घरा'वर दाबून बसायचं. भोंगा पीं करतो, म्हणजे सावध. मग तिन्हींतला एखादा दिवा लागतो. लागला की 'घर' सोडायचं आणि त्या दिव्याचं 'दार' दाबायचं. बस्स. दिवा लागल्यापासून बोट घरातून उठेपर्यंतचा वेळ पहिली तबकडी मोजते. घरातून दारापर्यंत बोट पोचायला लागलेला वेळ दुसरी तबकडी मोजते.

नाही कळलं? बरं, असं समजा. बाहेरून कोणी हाक मारली. हाक ऐकून, कोण आहे ते ओळखून तुम्ही उठलात, तो एक वेळ. उठल्यावर चालत दारापर्यंत गेलात, तो दुसरा वेळ. हाक मारणाऱ्याला दोन्ही मिळून एकच वाटतो. तो बाहेरून ओरडतो, "काय झोपलात की काय?" पण घरातल्याला ठाऊक असतं की आपण केव्हाच उठलो, फक्त चालत होतो.

एवढ्यासाठी सरांनी मला दोन डोळे दिले. ते मुलांना सांगत, "डोक्याचा वेळ वेगळा, हाताचा वेगळा. दोन्हींची बेरीज करून कुणाला मंद म्हणू नका." मुलं ते वहीत लिहून घेत आणि परीक्षा झाली की वहीबरोबर रद्दीत घालत.

माझे कामाचे दिवस फार चांगले गेले. किती बोटं आली माझ्याकडे! नखं कुरतडलेली, मेंदी लावलेली, शाईची, घामेजलेली. हळूहळू मला बोटावरून माणूस कळू लागला. बडबडी, चारचौघांत रमणारी मुलं घरातून निघाली की बाणासारखी दारावर जाऊन आपटत. कधी कधी दिवा लागायच्या आधीच निघत, उगाच. अबोल मुलं उठायची इतरांच्याच वेळेला, पण जाताना त्यांचं बोट जरा सांभाळून जायचं, पुळणीच्या वाळूवरून अनवाणी चालावं तसं. सगळीच नाही हं. माणूस काही बांगडा नाही, एकाच साच्यातून निघायला. पण बहुतेक असं व्हायचं. दसऱ्याला मला झेंडूची माळ असे आणि हळदीकुंकू असे. इतर कॉलेजांतले सर मला बघायला येत आणि "वा!" म्हणत. मी पण ताठ बसून राहत असे.

मग कॉम्प्युटर आले. आता ती यंत्रं म्हणजे काय, हात लावला की रुसतात, वीज गेली की मरतात. पण गोरी आणि गुळगुळीत. मला कपाटात टाकलं. सर निवृत्त झाले, तेव्हा जाताना त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि तो शेवटचा मायेचा हात. पुढे कपाटही दुसऱ्या कशाला तरी हवं झालं आणि मी जिन्याखाली आले. तिथे शिपायाने मला चहाची किटली ठेवायला घेतलं. दोन डोळ्यांची मी, सेकंदाचे तुकडे मोजणारी मी, आणि माझ्या डोक्यावर किटली! तो गोल काळा डाग अजून आहे. बघा हवं तर.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता पुढचं सगळं चुलीतच.

तिथून मला उचललं नूतन मॅडमनी. या कॉलेजात नव्या आलेल्या. माणसाचा स्वभाव, त्याचा मेंदू आणि त्याच्या हाताचा वेग यांचं काही नातं आहे का, हे त्या शोधत होत्या. त्यांचा कॉम्प्युटर एकच वेळ सांगे. त्यांना हवे होते दोन. कुणीतरी म्हणालं, जिन्याखाली एक खोकं आहे. मॅडमनी माझ्यावरची धूळ फुंकली आणि त्यांना सटासट शिंका आल्या. मग त्यांनी वायर लावून बटणं दाबून पाहिली. माझा पहिला काटा हलला, दुसरा हलला, आणि त्या जिन्याखालीच मांडी घालून बसल्या. "अगं, तू तर हवी तशी आहेस," म्हणाल्या. नवी वायर घातली, तेल दिलं. मला रडायचं यंत्र बसवलेलं नाही म्हणून, नाहीतर रडले असते.

आता खरी गोष्ट ऐका.

चौलच्या पुढे खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. नाव सांगत नाही, तिथल्या बायका माझं लाकूड चुलीत घालतील. तिथल्या बंदरावर मासळीच्या लिलावाची एक जुनी रीत आहे. होड्या लागल्या की पाट्या ओळीने मांडतात. लिलाव पुकारणारा काळूराम पाटीचा भाव बोलतो. भाव तोंडातून पडला की जिचा हात आधी पाटीच्या काठाला लागेल, पाटी तिची. बोलायचं नाही, भांडायचं नाही. काठाला हात, संपलं.

या बंदरावर केसरबाईचं राज्य. साठी केव्हाच उलटलेली, अंबाड्यात अबोलीचं फूल, आणि तोंड म्हणाल तर नव्या कोयत्याची धार. पुरुषमाणसं तिच्यासमोरून जाताना होडीचं इंजिन बंद करून वल्ह्याने जात, असं लोक म्हणत. पहिल्या पाटीला अगदी लागून तिचा बुटका पाट होता. ती तिची जागा. त्या जागेवर दुसरी कोणी बसली तर उठायला लावायला केसरबाईची नुसती नजर पुरे. पण आता तिचे गुडघे गेले होते. जागा कोणाला तरी द्यायची होती.

घरात सून होती, विनिता. मुलगा विनेश दिवसाचे दिवस होडीवर, त्यामुळे घरात दोघीच. विनिता कोळ्यांची नव्हे. आतल्या तळा गावाकडची, भातशेतीतली. विनेशने आपल्या पसंतीने केलेली. मुलगी शांत, इतकी की ती घरात आहे हे बांगड्यांवरून कळायचं. मासळी तिने मन लावून शिकून घेतली होती. कल्ला उचलून बघायची सुद्धा गरज नाही, डोळ्यावरून ताजेपण सांगे. पण केसरबाईच्या मागे उभी राहून ती पाटीला हात घाली, तेव्हा तिथे आधीच दुसरा हात असे. बायका फिदीफिदी हसत.

"आली गो, तळ्याची एसटी आली! पण बाजार उठल्यावर!"

केसरबाईच्या बहिणीची सून होती रंगू. ती म्हणजे वीज. बोलता बोलता, हसता हसता, चार पावलांवरून तिचा हात पाटीवर पडे. केसरबाईचं ठरल्यासारखंच झालं होतं की जागा रंगूला द्यायची. विनिताने घरात बसून वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायचे.

अशात नूतन मॅडम तिथे गेल्या. बंदरावरच्या बायकांचे हात आणि मेंदू त्यांना तपासायचे होते. बायका तयार होईनात. केसरबाई म्हणाली, "माझ्या ओटीवर मांडा तुमचा बाजार. मी सांगतंय तर येतील. पर एक अट. माझी सून आनि ही रंगू, दोघींना बसवायचं. आनि काय तो निकाल समद्यांसमोर लागू दे. उद्या कोन बोलाय नको, की केसरनं परक्याच्या पोरीवर अन्याव केला."

मॅडम म्हणाल्या, "हा निकाल लावायचा खेळ नाही, केसरबाई."

"मास्तरीणबाई, तुमच्याकडं अभ्यास असंल. आमच्याकडं निकालच असतोय."

तर असं मला त्या ओटीवर मांडलं. अंगणात बायकांची ही गर्दी. मी कितीतरी वर्षांनी लोकांसमोर बसले होते. जरा अंग झटकून घेतलं म्हणा ना.

रंगू बसली. "काय गो पेटी, चावत न्हायस ना?" म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पीं. दिवा. खट्! हात असा आला की माझे पाय ओटीवर सरकले. एकदा तर दिवा लागायच्या आधीच दार दाबलं आणि वर म्हणते, "मी वाट बगत न्हाय बसायची!" पण काय वेग! मी कौतुक करायला कचरत नाही. असा हात रोज नाही मिळत.

मग विनिता बसली. तिचं बोट थंड होतं. अंगणातून कोणीतरी पुटपुटलं, "एसटी." भोंग्याने पीं केलं आणि ते बोट थरारलं. बाहेरून दिसणार नाही इतकं, पण माझ्या घराच्या बटणाला कळलं. दिवा लागला. ती उठली. मित्रांनो, मी लाकूड असले तरी दचकले. कारण उठली ती रंगूच्याच वेळेला. एखाद्या वेळी तिच्याही आधी. आणि मग निघाली. सावकाश, नेम धरून, दाराच्या बरोबर मध्यावर. एकदाही चुकीचं दार दाबलं नाही.

मॅडम तारा सोडवायला वाकल्या होत्या, तेवढ्यात रंगू माझ्या तबकड्यांपाशी आली. आता बाजारात ह्या बायका मासळीचे वाटे जोडीने विकतात. दोन वाटे, एक भाव. त्या बायकांना दोन आकडे शेजारी दिसले की त्यांची जोडी करायची सवयच असते, बोटावर सुद्धा मोजत नाहीत. आपली बेरीज रंगूने आधीच करून ठेवली होती; आता तिने विनिताचेही दोन आकडे जोडीने घेतले. माझे डोळे बेरीज करायला नाहीत गो बये, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला भोंगा दिलाय, तोंड नाही.

"मावशी, तिचा आकडा मोठा आला बघ."

"मोठा म्हंजे हुशार?" केसरबाईने विचारलं.

"न्हाय गो मावशी! मोठा म्हंजे हळू!"

अंगण खदखदून हसलं. केसरबाईने पदर खांद्यावर टाकला. "ऐकलंत समद्यांनी? मी न्हाय बोलली, पेटी बोलली. उद्यापासून जागा रंगूची."

मी बोलले! मी! चहाची किटली डोक्यावर घेतली तेव्हा मला एवढा अपमान वाटला नव्हता.

विनिता उठली नाही. माझ्यासमोरच बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, कारण ती बोलेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. "आई, मला बंदरावर बसायचंय. कावळे हाकायला मी नाही आले या घरात."

"बसायला जागा लागतेय पोरी, आनि जागेला हात लागतोय."

मॅडमनी तेव्हा मध्ये तोंड घातलं. त्यांनी माझ्या पहिल्या तबकडीवर बोट ठेवलं आणि सगळं समजावलं. हाक, उठणं, चालणं. "डोकं दोघींचं सारखंच चालतंय. हिचा फक्त हात सावकाश जातो. स्वभावाने अबोल माणसांत असं बऱ्याचदा दिसतं."

केसरबाईने सगळं ऐकून घेतलं, आणि मग जे म्हणाली ते मला आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही. "असंल. पर बंदरावर अशा दोन तबकड्या न्हाईत, मास्तरीणबाई. तिथं एकच पाटी. काळूराम बोलला, हात लागला, की लागला. ही मनात उठून बसली, तर ते मासळीला कसं कळनार?"

बायकांनी माना डोलावल्या. मॅडमनी तबकडीवरचं बोट काढून घेतलं. त्या आपल्या पुढच्या कामाला लागल्या.

पुढचं काम म्हणजे तारांची टोपी. डोक्यावर घालायची, आत थोडं गार मलम लावायचं, आणि लॅपटॉपवर मेंदूच्या हालचालीच्या रेघा उमटतात. ही तपासणी नुसती ऐकण्याची. हात मांडीवर ठेवायचे आणि माझा भोंगा पुन्हा पुन्हा वाजत राहील तो ऐकायचा. रंगूने टोपी घातली आणि म्हणाली, "विनिताबाय, माझा फोटो काढ गो, नवरीवानी दिसतंय!" भोंगा वाजला. तिच्या रेघेवर लहान लहान लाटा उठल्या, खाडीत ओहोटीला असतात तशा. तिला भोंग्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवटी तर तिला जांभई आली.

मग विनिताने टोपी घातली, आणि तिच्या रेघेवर लाटा केवढ्या उठल्या! दर वेळी, भोंगा वाजला की फुटलेली लाट.

"म्हंजे?" केसरबाईने विचारलं. इतका वेळ ती पान जुळवत होती. आता हात थांबला होता.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तोच आवाज हिच्या मेंदूत जास्त जोराने पोचतो, असं दिसतंय. काही माणसांचं तसं असतं. गलका त्यांना आतून थकवतो. मग ती मागे सरतात, गर्दीत हात आखडतात. आपल्याला वाटतं, मंद आहेत. खरं म्हणजे त्यांना कमी नाही, जास्त ऐकू येत असतं."

विनिताने टोपीखालून नुसती मान हलवली. "बंदरावर काळूरामदादा ओरडले की मला माझा हातच सापडत नाही," ती म्हणाली.

यावर रंगू खो खो हसली. पण केसरबाई हसली नाही. जुळवलेलं पान तिने तसंच खाली ठेवलं.

मग ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर घाला ती."

"आई, तुमचे गुडघे..."

"टोपी गुडघ्याला घालनार हाय काय मी?"

ती माझ्यासमोर बसली. फूल काढायला तयार नव्हती, म्हणून टोपी फुलाच्या वरून ओढली. मॅडम तारा नीट करता करता थांबल्या. "केसरबाई, कानात कापूस आहे. तो काढावा लागेल."

विनिता घाईने म्हणाली, "नको मॅडम. आईंचा कान दुखतो. बंदरावर जाताना त्या रोज खोबरेल तेलाचा बोळा घालतात. आल्यावर सुद्धा बराच वेळ काढत नाहीत."

सगळ्या गावाला माहीत होतं ते. केसरचा कान फुटका आहे.

केसरबाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन तबकड्यांकडे. म्हातारं माणूस म्हाताऱ्या वस्तूकडे बघतं तसं. मग एका कानातून बोळा काढला, दुसऱ्या कानातून काढला, आणि पदराच्या टोकावर ठेवला.

"दुखत न्हाय," ती म्हणाली. "कधीच दुखला न्हाय."

भोंगा वाजला. माझाच भोंगा, मी रोज ऐकते तो. लॅपटॉपवर लाट उठली. अशी उठली की मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या. पुन्हा वाजला, पुन्हा उठली. ज्या बाईच्या आवाजाने कावळे उडत, त्या बाईच्या डोक्यात माझं एवढंसं पीं उधाणासारखं फुटत होतं. मॅडमनी दोन रेघा वर-खाली लावल्या. सासूची आणि सुनेची. सांगितलं नसतं तर कुठली कोणाची ते मला सुद्धा ओळखता आलं नसतं.

"एका सकाळच्या रेघांवरून मी छातीठोक काही सांगणार नाही हं," मॅडम घाईने म्हणाल्या. त्या शिकलेल्या. त्यांना तसं बोलावं लागतं.

"तुमी नका सांगू. मी सांगतंय." केसरबाईने टोपी काढली आणि आधी फूल चाचपलं. "लगीन होऊन आली तवा मला मुकी बोलायचे. सासू बोलायची, मुकी गाय आनली. बंदरावर गेली की डोक्यात वाजायचं, हात उठायचा न्हाय. मग बोळा घातला. आनि तोंड सोडलं. आपन ओरडलं की दुसऱ्याचं ऐकाय कमी येतंय. ओरडत गेली, ओरडत गेली, तर लोक बोलले केसर वाघीन हाय."

"मावशी, पर तुझा हात तर सगळ्यांच्या आधी लागायचा!" रंगू म्हणाली.

"कुठून लागायचा गो?" केसरबाई कडाडली. "तू चार पावलांवरून उडी मारतंस. मी कधी उडी मारलेली बघितलीस? मी पाटीला चिकटून बसायची. काठापासून वीतभर. माझ्या हाताला जायचं असायचंच किती? लोक बोलले, केसरला मान पायजे म्हनून पुढची जागा पायजे. मान कसला! लांबून माझा हात पोचत न्हवता. म्हनून ती जागा माझी."

मी अनंता सुताराच्या हातची, किती मोठमोठी माणसं पाहिली. पण माझं घर आणि दार यातलं अंतर कमी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्यावर ते करता येत नाही, खिळे मारलेत. बंदरावर करता येतं.

केसरबाईने पदरावरचा एक बोळा उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा ठेवायला गेली आणि थांबली. "हे माझे जुने झाले. उद्या नवे करून देतंय." आणि रंगूकडे वळून म्हणाली, "तोंड कशाला पाडतंस? तुला देवानं हात दिलाय. तू होडीवरून सुद्धा पाटी उचलशील. तुला जागेचं काय काम? जागा जिला लागते तिची."

"मावशी, हे काय बरोबर न्हाय हां," रंगू म्हणाली. पण ती रुसायला बसणारी नव्हती. जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "ठीक हाय. बघू, हिची वीत आधी पोचतेय की माझी चार पावलं."

दुसऱ्या दिवशी परत जाताना मॅडम मांदेली घ्यायला बंदरावर थांबल्या. मी त्यांच्या पिशवीत होते, दोन्ही डोळे बाहेर काढून. होड्या लागल्या होत्या. पाट्यांची ओळ मांडली होती. पहिल्या पाटीला चिकटून त्या बुटक्या पाटावर विनिता बसली होती. कानात पांढरा शुभ्र कापूस, हात मांडीवर नाही, काठापासून वीतभर हवेत. केसरबाई मागे, धक्क्याच्या पायरीवर, गुडघे चोळत. समोर रंगू, पदर खोचून.

"कोलंबीऽऽ!" काळूराम ओरडला आणि भाव बोलला.

हात गेला. सावकाशच गेला म्हणते मी, मला कळतं ते. पण जायचं होतंच किती? विनिताची बोटं काठावर पडली आणि तिच्या बोटांवर, धाडकन, रंगूचा हात पडला.

"आयला!" रंगू म्हणाली. "एसटी येळेवर आली गो!"

आणि विनिता चक्क हसली. तिच्या हातावरून रंगूने हात लगेच काढला नाही. पुढची पाटी रंगूने घेतली, ओळीच्या दुसऱ्या टोकाची, तिथे विनिताचा हात पोचणं शक्यच नव्हतं. त्यानंतर पाटाशेजारची दुसरी पाटी विनिताने. मागून केसरबाई एवढंच म्हणाली, "बघत काय बसलीस? ताजी हाय काय बघ आधी!" आणि विनिता मान न वळवता म्हणाली, "हात घालायच्या आधीच बघितली, आई."

आता मी पुन्हा कॉलेजात आहे, पण जिन्याखाली नाही. मॅडमच्या खोलीत, खिडकीपाशी. मुलं येतात, माझ्यावर बोटं ठेवतात. मला कधी कोणी विचारत नाही, पण विचारलं तर मी सांगेन. मित्रांनो, वर्गात हात वर करायला ज्याला उशीर होतो, खेळात जो मागे राहतो, हाक मारल्यावर जो चटकन ओ देत नाही, त्याचे दोन आकडे जोडीने घेऊ नका. तो केव्हाच उठलेला असेल. त्याला जरा पाटीजवळ बसू द्या. आणि जो पुढे पुढे उड्या मारतो, त्यालाही नावं ठेवू नका. त्याचा हात त्याला देवाने दिलेला आहे. त्याने फक्त दिवा लागेपर्यंत थांबावं.

माझीही थोडी काळजी घ्या. फणसाचं लाकूड टिकाऊ, पण ओल सोसत नाही. पावसाळ्यात मला भिंतीपासून जरा दूर ठेवा. महिन्यातून एकदा काट्यांना तेलाचा थेंब द्या. डोक्यावर चहा ठेवू नका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्याही नका ठेवू, म्हणजे कामं हो, कामं.

आणि एक. धूळ पुसताना माझ्या भोंग्याच्या भोकात तुम्हाला कापसाचा एक जुना बोळा दिसेल. खोबरेलाचा वास येतो अजून. त्या दिवशी ओटीवरून आम्ही निघताना केसरबाईने तो, तिच्या हातात उरलेला दुसरा बोळा, स्वतःच्या हाताने तिथे कोंबला. "लई ओरडतंस गो," म्हणाली मला. मॅडमनी सुद्धा काढला नाही. माझं पीं आता हळू येतं, आणि समोर बसलेली बोटं पूर्वीइतकी थरारत नाहीत.

बाकी सगळं पुसा. तो बोळा तेवढा राहू द्या.